बाबांच्या मांडीवर : चार चित्रपुस्तकांचा पाठ



या अंकातला पाठ तरुण बाबांसाठी आणि माझ्यासारख्या आजोबांसाठी आहे. आयांनीही तो जरूर वाचावा आणि मग अंक घरातल्या बाबांच्या हातात द्यावा.

आपल्या मराठी घरांत बापाचं प्रेम बहुधा न बोललेलं असतं. फी वेळेवर भरणं, पावसात स्टेशनवर घ्यायला येणं, आंब्याच्या फोडी मुलांना देऊन स्वतः कोय चोखणं, हीच आपली भाषा. मोठं झाल्यावर मुलांना ती कळते. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला कृतीतून असा अर्थ काढता येत नाही. त्याला जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढंच खरं. कविता म्हणून दाखवली की बाबा हसतात, दूध सांडलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. यातून मूल स्वतःपुरता एक हिशेब मांडतं : मी चांगला वागलो, तर मी बाबांना आवडतो.

हा हिशेब मुलाबरोबर वाढत जातो. मी या देशात अनेक वर्षं जीपी म्हणून काम केलं. ऑगस्टमध्ये, जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या निकालांच्या दिवसांत, पोटदुखी, डोकेदुखी, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन मुलं यायची. तपासण्या नॉर्मल यायच्या. जरा वेळ देऊन बसलं की खरी भीती बाहेर पडायची, आणि ती बरेचदा एकाच वाक्यात असायची : "बाबांना कसं सांगू?" यातल्या बहुतेक वडिलांचा मुलांवर जीव होता, हे मला माहीत होतं. पण मुलांना ते ठाऊक नव्हतं. सोळाव्या वर्षी हे सांगायला बसणं दोघांनाही जड जातं. तिसऱ्या वर्षी ते सोपं असतं, आणि त्यासाठी चित्रपुस्तकासारखं साधन नाही.

चित्रपुस्तकच का?

नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. कुशीत घेतलं की आपला चेहरा त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो. आवाज तर बाळ जन्माआधीपासून ऐकत असतं. म्हणजे कूस, चेहरा आणि आवाज ही तयारी निसर्गानेच केलेली आहे. पुस्तक त्यात दोन गोष्टींची भर घालतं. एक, दहा मिनिटं बाबा एका जागी बसतात. दुसरी, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे तोंडातून निघत नसेल, तर ते बोलणारं एखादं पात्र पुस्तकात भेटतं.

इथल्या ग्रंथालयांत सहज मिळणारी चार पुस्तकं पाहू.

1. गेस हाऊ मच आय लव्ह यू (1994)

लेखक सॅम मॅकब्रॅटनी, चित्रं अनिता जेराम यांची. मॅकब्रॅटनी उत्तर आयर्लंडचे, पेशाने शिक्षक होते. झोपायच्या वेळी एक सशाचं पिल्लू मोठ्या सशाला आपलं प्रेम मोजून दाखवतं : हात पसरून, उंच होऊन, उडी मारून. प्रत्येक वेळी मोठ्याचे हात जास्त लांब आणि उडी जास्त उंच. पुस्तकात "बाबा" हा शब्द नाही, पण मोठा ससा "तो" आहे.

काहींना वाटतं, हा मोठा ससा पिल्लाला उगाच हरवतो. मला तसं वाटत नाही. पिल्लू जे माप काढतं, त्याच मापात तो उत्तर देतो. शेवटी पिल्लू चंद्रापर्यंत पोचतं आणि डोळे मिटतं. मोठ्याचं त्याहून मोठं उत्तर येतं, ते अगदी हळू, पिल्लू झोपल्यावर. शेवटचा शब्द पिल्लाचाच राहू देतो तो. वाचताना मुलाला हात पसरायला लावा, मग तुमचे पसरा. प्रेम किती, हे मूल अंगानेच मोजतं.

2. नो मॅटर व्हॉट (1999)

स्कॉटलंडच्या डेबी ग्लिओरी यांचं हे पुस्तक. चित्रंही त्यांचीच. यात एक छोटा कोल्हा आणि एक मोठा कोल्हा आहे. आई की बाबा, हे मुद्दाम सांगितलेलं नाही, त्यामुळे बाबांनी निर्धास्त वाचावं. छोटा चिडलेला आहे, आदळआपट करतो आणि आपल्यावर कुणाचंच प्रेम नाही असं म्हणतो. मग त्याचे प्रश्न सुरू होतात : मी अस्वल असतो तर? किडा असतो तर? मगर असतो तर? प्रत्येक वेळी उत्तर तेच.

चारही पुस्तकांत विनाअट प्रेमाचा धडा इथे सर्वांत उघड आहे. गुणी मुलावर प्रेम करणं सोपं. मुलाला शंका येते ती त्याने कप फोडल्यावर. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या : विनाअट प्रेम म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. फुटलेला कप आवरायला मुलाला हाताशी घ्यावं. "हे वागणं मला आवडलं नाही" असं जरूर म्हणावं. "तू मला आवडत नाहीस" हे मात्र थट्टेतही म्हणू नये. पुस्तकात शेवटी मरणाचा प्रश्नही येतो. मूल विचारील, तर घाबरून पान उलटू नका. तिथे ताऱ्यांचं चित्र आहे, ते दोघांनी मिळून पाहा.

3. माय डॅड (2000)

अँथनी ब्राऊन हे इंग्लंडचे नामवंत चित्रकार, 2009 ते 2011 या काळात इथले चिल्ड्रन्स लॉरिएट होते. ते 17 वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. पुढे अनेक वर्षांनी वडिलांचा जुना चौकड्यांचा ड्रेसिंग गाऊन त्यांच्या हाती लागला आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. पुस्तकातले बाबा कधी घोडा होतात, कधी मासा, कधी गोरिला, पण तो गाऊन काही सुटत नाही.

हे बाबा कुणी मोठे साहेब नाहीत, चारचौघांसारखे आहेत. मुलाच्या डोळ्यांना मात्र ते लांडग्याला हाकलतात आणि दोरीवरून चालतात. म्हणजे विनाअट प्रेम दोन्ही बाजूंनी असतं. मूलही आपल्याकडे पगार, पद किंवा व्हिसाचा प्रकार विचारत नाही. या देशात नव्याने आलेल्या, नोकरीच्या विवंचनेत असलेल्या बाबांनी हे पुस्तक स्वतःसाठीही वाचावं.

4. आऊल मून (1987)

हे अमेरिकेतलं पुस्तक. लेखिका जेन योलेन, चित्रकार जॉन शोनहेर. चित्रांसाठी 1988 चं कॅल्डेकॉट पदक याला मिळालं. थंडीच्या रात्री एक मुलगी बाबांबरोबर बर्फातून घुबड पाहायला जाते. बोलायचं नाही, कुरकुर करायची नाही. कधी घुबड दिसतं, कधी दिसत नाही.

अबोल बाबांसाठी हे पुस्तक आहे. प्रेमाचा शब्द क्वचितच येतो, आणि तरी पानोपानी तेच आहे. शिवाय, घुबड दिसलं नसतं तरी ती रात्र वाया गेली नसती. इलेव्हन-प्लसच्या तयारीत बुडालेल्या घरांनी यावर विचार करावा. मुलाबरोबर आपण असं काही करतो का, ज्याला निकाल नाही?

आपल्याकडचं एक चित्र

ही कल्पना आपल्याला परकी नाही. जनाबाईंच्या अभंगातला लेकुरवाळा विठोबा आठवा. कुणी खांद्यावर, कुणाचा हात धरलेला, अशी लेकरं घेऊन देव चालला आहे. कोणत्या लेकराने काय मिळवलं, याची चौकशी तिथे नाही. पुरुषरूपातल्या देवाला आणि ज्ञानेश्वरांनाही आपण "माउली" म्हणतो. तेव्हा हळवं होण्यात बापाने संकोच करण्याचं कारण नाही.

घरी करून पाहा

- रोज दहा मिनिटं, शक्यतो झोपण्यापूर्वी. फोन दुसऱ्या खोलीत.
- सहा महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालेल. घालू द्या. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं त्यासाठीच असतात.
- दोन-तीन वर्षांचं मूल तेच पुस्तक वीस वेळा मागेल. पुढे काय येणार हे ठाऊक असण्यात त्याला सुरक्षित वाटतं. कंटाळा दाखवू नका.
- पुस्तक इंग्रजी असलं तरी चित्रांवरून गोष्ट मराठीत सांगा. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडत नाही.
- वाचन हा अभ्यास करू नका. स्पेलिंग विचारू नका.

ग्रंथालयाचं सदस्यत्व मोफत आहे. 1992 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली बुकस्टार्ट योजना आज बुकट्रस्ट ही संस्था चालवते. तिच्यातर्फे बाळांना पुस्तकं मोफत मिळतात. घरात तान्हं बाळ असेल, तर हेल्थ व्हिजिटरकडे किंवा ग्रंथालयात चौकशी करा.

बाबा घरी नसतील तर

कुणाचे बाबा जहाजावर आहेत, कुणाचे आखातात, कुणी रात्रपाळी करतात. इथे स्टोरीबुक डॅड्स नावाची संस्था आहे, तिची सुरुवात डार्टमूरच्या तुरुंगात झाली. तुरुंगातले वडील गोष्ट वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती मुलाला घरी पोचते. गजांआडून हे होतं, तर आपल्या फोनवरून नक्कीच होईल. गोष्ट रेकॉर्ड करताना मुलाचं नाव घ्या आणि पान उलटायचं कधी, तेही सांगा.

ज्या मुलांचे बाबा हयात नाहीत किंवा वेगळे राहतात, त्यांच्यापुढे ही पुस्तकं लपवून ठेवू नका. मामा, काका, आजोबा किंवा आईनेही ती वाचावीत. मूल गप्प झालं, तर त्याला गप्प बसू द्यावं आणि मांडीवर तसंच राहू द्यावं.

आवाहन

आपल्या मंदिराच्या बालविभागात आपण चित्रपुस्तकांचं कपाट सुरू करत आहोत. तीन प्रकारे मदत करता येईल :

1. घरातलं चांगल्या स्थितीतलं एक चित्रपुस्तक द्या. नवं घ्यायचं झाल्यास साधारण 7 ते 8 पौंड लागतात.
2. बाबा, काका आणि आजोबांनी रविवारच्या आरतीनंतर अर्धा तास मुलांना वाचून दाखवावं. मुलांबरोबर काम करण्यासाठीची डीबीएस तपासणी मंदिर करून घेईल.
3. ज्या कुटुंबात वडील गेले आहेत किंवा आई एकटी मुलं सांभाळते आहे, तिथे पुस्तकं घरपोच देण्यासाठी कल्याण निधीत यथाशक्ती भर घाला. अशी घरं माहीत असतील, तर त्यांची परवानगी घेऊन कार्यालयाला कळवा. नावं कुठेही जाहीर होणार नाहीत.

पुस्तकं कार्यालयाबाहेरच्या खोक्यात ठेवावीत. पहिल्या रविवारी मी "नो मॅटर व्हॉट" मराठीतून वाचणार आहे. नातवंडांना घेऊन या, आणि त्यांच्या बाबांनाही.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर