आधी फॉर्म ठरव, मग सॉफ्टवेअर

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२६

चि. भाचीस,


टॅक्स भरायला टर्बोटॅक्स घेऊ, फ्रीटॅक्सयूएसए घेऊ, की ऑफिसातले वापरतात ते कॅश अॅप टॅक्सेस घेऊ, असं तू विचारलंस. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण एका नावात ते बसणारं नव्हतं. तू किमतीपासून सुरुवात केलीस. माझ्या मते किंमत सर्वांत शेवटी बघायची. तुला कोणता फॉर्म लागू होतो आणि तुझ्या हातात कोणते कागद आहेत, हे आधी ठरव. एवढं नक्की झालं की निम्मी सॉफ्टवेअर आपोआप गळतात.

आधी फॉर्मचं बोलू, कारण तुझ्या बाबतीत यंदा तोच बदललाय. गेल्या वर्षीपर्यंत तू स्प्रिंटॅक्समधून १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा फॉर्म, भरत होतीस आणि ते बरोबर होतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याची पहिली पाच कॅलेंडर वर्षं अमेरिकेतल्या वास्तव्याच्या हिशेबात धरत नाहीत. तुझा नोकरीचा एच-१बी व्हिसा १ ऑक्टोबर २०२४ ला लागला, त्यामुळे त्या वर्षाचे जेमतेम ९२ दिवस मोजले गेले आणि तू अनिवासीच राहिलीस. २०२५ मध्ये मात्र पूर्ण वर्ष मोजलं गेलं. म्हणजे करापुरती तू आता इथली निवासी आहेस. यंदा तुझा फॉर्म साधा १०४०, आणि स्प्रिंटॅक्सचं काम संपलं.

तुझ्या रूममेटचं तसं नाही. ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली, अजून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आहे, म्हणून ती अनिवासीच. तिनं तुझ्या शेजारी बसून तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिटर्न भरलं तर चुकीचा फॉर्म जाईल. टर्बोटॅक्स आणि फ्रीटॅक्सयूएसए यांच्यात १०४०-एनआर होतच नाही. नुसता पत्ता आणि पगार भरत पुढे गेलं तर १०४० तयार होतो, तिला न मिळणारी शैक्षणिक सवलतही कधीकधी त्यात येऊन बसते, आणि रिफंड मोठा दिसला की माणूस खूश होतो. मग पुढे कधी ग्रीन कार्डचे कागद जमवताना ते जुनं रिटर्न बाहेर येतं आणि दुरुस्तीचा १०४०-एक्स भरत बसावं लागतं. तिला विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायला सांग. बरीच विद्यापीठं स्प्रिंटॅक्सचा कोड देतात. सोबत फॉर्म ८८४३ जायलाच हवा. आणि तिच्या पगारातून सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापलं जात असेल तर तेही तिनं मालकाकडे विचारावं, कारण तिला ते लागू नाही.

आता तुझे कागद. पगाराचा, दोन राज्यं असलेला डब्ल्यू-२, कंपनीचे शेअर विकल्याचा १०९९-बी, बँकेच्या व्याजाचा १०९९-आयएनटी, आणि भारतातली खाती. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते या चार गोष्टींवरून ठरेल, जाहिरातीवरून नाही.

राहायला जर्सी सिटीत आणि नोकरी मॅनहॅटनमध्ये, म्हणून तुला न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, आयटी-२०३, आणि न्यू जर्सीचं निवासी रिटर्न, अशी दोन्ही राज्यांची रिटर्न भरावी लागतात. कॅश अॅप टॅक्सेस खरंच पूर्ण फुकट आहे, पण त्यात एकापेक्षा जास्त राज्यांची रिटर्न होत नाहीत. तुझ्या ऑफिसातले जे ते वापरतात ते न्यूयॉर्कमध्येच राहत असतील. तुझ्यासाठी ते बाद. टर्बोटॅक्सची फुकट आवृत्तीही बाद. ती अगदी साध्या रिटर्नपुरती असते, साधारण ३७ टक्के करदातेच तिच्यात बसतात असं कंपनी स्वतःच सांगते. शेअर विकले की पैसे देऊन वरची आवृत्ती घ्यावी लागते, राज्यांचे पैसे निराळे.

या फुकटच्या गोष्टीमागे मोठा इतिहास आहे आणि तो तुला माहीत असावा असं मला वाटतं. २००२ साली आयआरएस, म्हणजे इथलं करखातं, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये 'फ्री फाइल'चा करार झाला : कंपन्यांनी कमी उत्पन्नवाल्यांना फुकट सेवा द्यायची आणि सरकारनं स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं नाही. पुढे २०१९ मध्ये प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी उघड केलं की टर्बोटॅक्सनं आपलं ते फुकट पान सर्च इंजिनांत सापडू नये अशी तजवीज केली होती. २०२२ मध्ये सगळ्या राज्यांशी तडजोड करून टर्बोटॅक्सवाल्या इन्ट्यूट कंपनीला १४ कोटी १० लाख डॉलर भरावे लागले. त्याआधीच, २०२१ मध्ये, ती फ्री फाइलमधून बाहेर पडली होती. मग आयआरएसनं स्वतःचं डायरेक्ट फाइल आणलं, २०२४ मध्ये १२ राज्यांत आणि २०२५ मध्ये आपल्या न्यू जर्सीसकट २५ राज्यांत. यंदा ते बंद झालं. शेअर विकलेल्यांना ते चालत नव्हतं, त्यामुळे तुला तसाही उपयोग नव्हता. पण ज्यांच्याकडे एकच डब्ल्यू-२ असतो त्यांना कुणालाही एक पैसा न देता सरकारकडे थेट हिशेब देता येत होता. मी लायब्ररीत स्वयंसेवक म्हणून ज्यांची रिटर्न भरते त्यांतल्या कितीतरी जणांच्या ते कामाचं होतं. ते बंद व्हायला नको होतं.

फ्री फाइल अजून चालू आहे, पण त्याची उत्पन्नाची मर्यादा यंदा ८९,००० डॉलर आहे आणि तुझा पगार तिच्या वर आहे. तुझी जी मैत्रीण शाळेत शिकवते तिला मात्र आवर्जून सांग, आणि आयआरएसच्या संकेतस्थळावरूनच आत जा म्हणावं. कंपनीच्या पानावरून थेट गेलं तर तीच सवलत मिळेल याची खात्री नाही.

तुझ्यासाठी उरली फ्रीटॅक्सयूएसए, टर्बोटॅक्सची पैशांची आवृत्ती आणि एच अँड आर ब्लॉक. तिन्हींतही तुझं काम होईल. टर्बोटॅक्सचे प्रश्न सोपे असतात आणि ब्रोकरकडून माहिती आपोआप ओढून घेण्यात ते सरस आहे. शेअरचे शेकडो व्यवहार असते तर मीही तेच घे म्हटलं असतं. तुझे व्यवहार मोजकेच आहेत. फ्रीटॅक्सयूएसएमध्ये केंद्राचं रिटर्न शेअर विकले असले तरी फुकट आणि प्रत्येक राज्याला साधारण १५-१६ डॉलर. एच अँड आर ब्लॉकचा फायदा त्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचं असेल तर. माझा कौल फ्रीटॅक्सयूएसएला.

पण कौल दिला म्हणजे काम झालं असं नाही. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंस तरी दोन ठिकाणी घोडं पेंड खातं.

पहिलं ठिकाण शेअरचं. कंपनीचे आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर, ज्या दिवशी तुझ्या नावावर झाले, त्या दिवशीची त्यांची किंमत तुझ्या पगारात धरली गेली आणि तिच्यावर कर कापला गेला. ती डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत आधीच आहे. समज, २० शेअर १०० डॉलरच्या भावानं मिळाले, म्हणजे २,००० डॉलर पगारात आले. तू ते १०५ ला विकलेस, हातात २,१०० आले. खरा नफा फक्त १०० डॉलर. पण ब्रोकरच्या १०९९-बी वर खरेदी किंमत बहुतेकदा शून्य छापलेली असते, कारण पगारात धरलेली रक्कम त्यांना तिथे मिळवता येत नाही. सॉफ्टवेअरनं तो कागद जसाच्या तसा ओढून घेतला तर नफा २,१०० दाखवेल आणि त्याच दोन हजारांवर तू दुसऱ्यांदा कर भरशील. ब्रोकर सोबत एक पुरवणी पत्रक देतो, बऱ्याचदा ते वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. त्यात दुरुस्त केलेली किंमत असते. ती हातानं भरायची, मग फॉर्म ८९४९ वर दुरुस्तीचा 'बी' कोड येतो. आला की नाही ते डोळ्यांनी बघ. १०९९-बी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतात आणि पुढे सुधारित प्रतही येऊ शकते, म्हणून घाईनं रिटर्न पाठवू नकोस.

दुसरं ठिकाण दोन राज्यांचं. आधी न्यूयॉर्कचं रिटर्न पुरं कर, मग न्यू जर्सीला हात लाव. न्यूयॉर्कला दिलेल्या कराची वजावट न्यू जर्सी देतं, पण न्यूयॉर्कचा आकडा पक्का झाल्याशिवाय ती बरोबर येत नाही. डब्ल्यू-२ वर न्यूयॉर्कच्या ओळीत पूर्ण पगार दिसेल आणि न्यू जर्सीच्या ओळीतही पगार दिसेल. हे दोन पगार नाहीत, एकाच पगाराचे दोन राज्यांना दिलेले आकडे आहेत, त्यामुळे बेरीज होऊ देऊ नकोस. आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतेस म्हणून ते दिवस न्यूयॉर्कच्या हिशेबातून काढायचा मोह होईल. तू स्वतःच्या सोयीनं घरी बसतेस तोवर न्यूयॉर्क ते दिवस आपलेच धरतं. सॉफ्टवेअर तिथे फक्त दिवसांचा आकडा विचारेल, हा नियम समजावून सांगेलच असं नाही.

आता भारताकडे. निवासी झालीस म्हणजे जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यायचा. पुण्याच्या बँकेतलं व्याज, बाबांनी तुझ्या नावावर ठेवलेली मुदत ठेव, सगळं आलं. आपल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून आईला सांगून जानेवारी ते डिसेंबर २०२५ चा खातेउतारा मागव आणि व्याज स्वतः मांड. तिथे टीडीएस कापला असेल तर त्याचं क्रेडिट इथे मिळतं. शेड्यूल बी च्या शेवटी परदेशात खातं आहे का असा प्रश्न असतो. तिथे 'हो' लिही. वर्षभरात एखाद्या दिवशीही सगळ्या खात्यांची मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या, म्हणजे साधारण नऊ लाख रुपयांच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज, भरावा लागतो. आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात पूर्ण रकमेनं धरतात. हा अर्ज रिटर्नसोबत जात नाही, सरकारच्या फिनसेन विभागाच्या संकेतस्थळावर वेगळा आणि फुकट भरायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळं झालं असं हिरवं चिन्ह आलं तरी एफबार राहिलेला असू शकतो.

बाबांनी तुझ्या नावानं म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू ठेवली असेल तर लगेच कळव. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकेचा कायदा फार कडक नियम लावतो, त्यांचा फॉर्म ८६२१ निराळाच असतो, आणि तो टर्बोटॅक्सही करत नाही, फ्रीटॅक्सयूएसएही करत नाही. काही विकलं नसेल, पैसे काढले नसतील आणि वर्षअखेरीस एकूण किंमत २५,००० डॉलरच्या आत असेल तर बहुधा तो लागत नाही. त्यापुढचं असेल तर सॉफ्टवेअर बाजूला ठेव आणि हे काम जाणणाऱ्या माणसाकडे जा. तिथे चारशे-पाचशे डॉलर गेले तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

सगळी माहिती दोन सॉफ्टवेअरमध्ये भरून बघ. पैसे शेवटी पाठवतानाच द्यायचे असतात, तोवर काही जात नाही. पण वर फिरणारा रिफंडचा हिरवा आकडा बघून ठरवू नकोस. कायदा एकच आहे, त्यामुळे दोन्हीकडे आकडे सारखेच यायला हवेत. एकीकडे रिफंड जास्त आला म्हणजे ते सॉफ्टवेअर हुशार असं नव्हे, कुठल्या तरी एका ठिकाणी चूक झाली आहे. करपात्र उत्पन्नाची ओळ १५ आणि एकूण कराची ओळ २४ ताडून बघ, फरक असेल तर तो सापडेपर्यंत थांब.

वाटेत बरेच पडदे येतील. ऑडिटपासून संरक्षण, तज्ज्ञाची मदत, फी रिफंडातून कापून घेण्याची सोय. या शेवटच्या सोयीचे पैसे निराळे लागतात. सगळीकडे 'नको' म्हण. आणखी एक पडदा तुझी करविषयक माहिती इतर कामांसाठी वापरायला संमती मागतो. तो नेहमीच्या अटींसारखा दिसतो, म्हणून लोक न वाचता सही करतात. कायद्यानं त्यांना तुझी संमती घ्यावीच लागते आणि ती नाकारली तरी रिटर्न भरता येतं. नाकार.

सॉफ्टवेअर बदलते आहेस, म्हणून ई-फाइल करताना गेल्या वर्षीचा एजीआय, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्न, विचारतील. तो २०२४ च्या १०४०-एनआरवर ओळ ११ मध्ये आहे. स्प्रिंटॅक्समधलं ते पीडीएफ आजच उतरवून ठेव. यंदाचं रिटर्नही राज्यांसकट उतरवून घे, कंपनीच्या खात्यात राहील या भरवशावर राहू नकोस.

१५ एप्रिलला मुदत संपते. कागद अपुरे असतील तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, पण तो रिटर्न भरायला, कर भरायला नाही. देणं निघत असेल तर अंदाजानं का होईना, एप्रिलमध्येच पैसे भर.

या आठवड्यात आईला फोन करून बँकेचा खातेउतारा मागव, आणि ब्रोकरचं पुरवणी पत्रक शोधून ठेव. तोवर कोणत्याही कंपनीला कार्डाचा नंबर देऊ नकोस.

तुझी,
मावशी