लगाम सोडण्याआधी

पाडवा किंवा शिवजयंती जवळ आली की लालबाग-परळच्या मंडळांतल्या मुलांचे मला फोन सुरू होतात. "काका, एक शांत घोडा बघून द्या ना." हल्ली त्यात आणखी एक मागणी असते. घोड्यावर मावळ्याच्या वेषातला मुलगा बसणार, त्याच्या हातात धनुष्य असणार आणि चौकात तो दोरी ताणून दाखवणार. हंगेरी, जपान, कोरियातल्या घोडेस्वार तिरंदाजांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. हौस चांगली आहे. मी स्वतः घोड्यावरून बाण मारतो, मुलांना आणि घोड्यांना ते शिकवतो, आणि या विद्येवर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच चौकातल्या त्या प्रकाराला मी दरवेळी ठाम नकार देतो, आणि का देतो ते आज सविस्तर लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी एका शोभायात्रेत लालबागच्या उड्डाणपुलाखाली एक पांढरा घोडा उभा होता. भाड्याने आणलेला, आदल्या रात्री टेम्पोतून उतरवलेला. पुलाखाली ढोलाचा आवाज वर आपटून पुन्हा खाली येतो, छातीत घुमतो. तशातही तो घोडा जागचा हलत नव्हता. "किती गरीब जनावर आहे!" असं लोक म्हणत होते, लहान मुलांना त्याच्या पाठीशी उभं करून फोटो काढत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. डोळ्याची पापणी लवत नव्हती. नाकपुड्या ताणलेल्या, खालचा ओठ घट्ट मिटलेला, शेपूट दोन मांड्यांत आवळून धरलेलं. ताशा डाव्या बाजूला कडाडत होता तरी त्याचा डावा कान तिकडे वळत नव्हता. मी तळहातावर गुळाचा खडा धरला, तर त्याने हुंगलासुद्धा नाही. सईसाने हनुवटीखाली दोर आखूड पकडला होता. त्याला मी सांगितलं, काहीही झालं तरी हा दोर सोडू नकोस.

पुढे चौकात फोटो काढणाऱ्याने सईसाला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो चौकटीत येत होता. घोड्यावर बसलेल्या मावळ्याच्या वेषातल्या मुलाने लगाम मानेवर टाकला, धनुष्य उचललं, दोरी कानापर्यंत ओढली आणि बाण न लावताच सोडून दिली. घोड्याच्या कानामागे कडाका झाला. त्याच क्षणी कोणीतरी रंगीत कागदांची नळी उडवली. घोडा जागच्या जागी वर उठला आणि सुटला. चार ढांगांवर गटाराचं लोखंडी झाकण होतं, त्यावर नाल घसरली आणि तो गुडघ्यांवर कोसळला. मुलाचं गळपट्टीचं हाड मोडलं. गर्दी फाकली म्हणून आणखी कोणी सापडलं नाही. घोड्याच्या दोन्ही गुडघ्यांची कातडी सोलून निघाली होती. त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं, तेव्हा कुठे तो थरथरायला लागला. अंगाला हात लावला तर घामाने निथळत होता.

त्या दिवशी सगळ्यांनी त्या कागदाच्या नळीला दोष दिला. मला ते पटत नाही. ती नसती तर फुगा फुटला असता, नाहीतर झेंड्याची काठी आडवी आली असती. मुळात तो घोडा शांत नव्हताच. पळायला वाट नाही हे कळल्यामुळे तो आतल्या आत गोठून उभा होता, आणि दोर सैल होताच वाट मोकळी झाली. दबलेला घोडा आणि शांत घोडा लांबून सारखेच दिसतात. इतर ठिकाणी हा फरक चालून जातो, कारण कोणी ना कोणी लगाम धरलेला असतो. घोड्यावरच्या तिरंदाजीत मात्र दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले, लगाम मानेवर गाठ मारून सोडलेला. हंगेरीच्या लायोश काशाईंनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या नव्याने उभी केली, तेव्हा त्यांनी साधारण ९० मीटरची सरळ वाट आखली. स्वार लक्ष्याकडे येताना, शेजारून जाताना आणि पुढे गेल्यावर मागे वळून बाण सोडतो. तेवढा सगळा वेळ घोडा स्वतःच्या मर्जीने सरळ धावत असतो. दोराने उभा केलेला घोडा तिथे पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

म्हणून घोडा निवडताना मी आधी त्याचे कान बघतो. ते फिरते हवेत. आवाज आला की कान तिकडे वळावा, क्षणभर मान उंचवावी आणि मग मान पुन्हा खाली यावी, जबडा चघळल्यासारखा हलावा, एखादा लांब सुस्कारा निघावा. बुजणं मुळीच नको असं नाही. बुजून परत ठिकाणावर येता आलं पाहिजे. गूळ किंवा गाजर देऊन पाहावं. भ्यालेलं जनावर एकतर तोंड लावत नाही, नाहीतर हिसडा मारून घेतं.

वरातीत नाचणारा घोडा तर या कामाला मी कधीच घेत नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत असे नाचरे घोडे पाहायला झुंबड उडते, त्यांची किंमतही भारी असते. पण वाद्य वाजलं की पाय उचलायचे, उसळायचं, हे त्याच्या अंगात मुरवलेलं असतं. तुम्ही त्याला ढोलताशात स्थिर राहायला सांगता, तेव्हा त्याच्या दृष्टीने तोच ढोल नाचायचा हुकूम देत असतो.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली घोडी पुष्कळांना मिळते. ती चपळ असते, शिकतेही पटकन. तिची एक सवय मात्र ठाऊक हवी. शर्यतीत जॉकी लगाम घट्ट धरतो आणि घोडी त्या ताणावर भार टाकून वेग वाढवते. नवखा स्वार घाबरून लगाम खेचतो तेव्हा तिला वाटतं, पळायचं आहे. त्यामुळे तिला थांबणं लगामावर शिकवूच नये. बैठक जड करायची, श्वास सोडायचा, ठरावीक आवाज द्यायचा, आणि एवढ्यावर ती उभी राहिली पाहिजे. हे चालीत जमलं की दुडकीत, आणि दुडकीत पक्कं झालं की मगच चौखूर. मला स्वतःला भीमथडी जातीची ठेंगणी, दणकट जनावरं या कामाला अधिक आवडतात. भीमेच्या खोऱ्यातली ही जात मराठ्यांच्या फौजांनी वापरली, आणि अलीकडे तिला देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली. उंची कमी असल्याने पडलात तरी लांबून पडत नाही.

आता धनुष्याची ओळख. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग सोडला तर त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण डाव्या डोळ्याला ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून आली की तो पुन्हा बुजू शकतो, हे पागेतल्या प्रत्येक सईसाला माहीत असतं. म्हणून सगळं काम दोन्ही बाजूंनी करायचं. खरारा झाल्यावर, पोटात चंदी असताना, धनुष्य आधी खांद्यावर टेकवायचं, मानेवरून, पोटाखालून, पुठ्ठ्यावरून फिरवायचं. घोडा ताठरला की हात तिथेच ठेवायचा, मागे घ्यायचा नाही आणि पुढेही रेटायचा नाही. तो सैलावला की त्याच क्षणी धनुष्य दूर करायचं. त्याच्या सैल होण्यामुळे ती वस्तू गेली, हे त्याला समजलं पाहिजे. तुम्ही तो ताठ असताना हात काढून घेतलात तर ताठरणं कामाला येतं एवढंच तो शिकतो, आणि असे बिघडवलेले घोडे माझ्याकडे फार येतात.

दोरीचा आवाज ऐकवायचा म्हणून बाणाशिवाय पूर्ण ओढून सोडू नका. त्याने धनुष्याच्या फांद्या तडकू शकतात आणि तुकडा तुमच्या किंवा घोड्याच्या डोळ्यात जाऊ शकतो. बोटाने हलकी छेडायची, आधी दहा-पंधरा पावलांवरून. मग एकाने घोडा धरायचा आणि दुसऱ्याने घोड्याच्या बऱ्याच पुढे उभं राहून, घोड्याकडे पाठ करून, गवताच्या गंजीत बाण मारायचे. बाण रुतल्याचा धप्प आवाजही त्याला ओळखीचा व्हायला हवा. भात्यातले बाण खडखडतात, त्याचीही सवय लावायची. नुसता भाता कमरेला बांधून रपेट करायची, धनुष्य घरी ठेवून. धनुष्य आखूडच घ्या. याबुसामे या जपानी घोडेस्वार तिरंदाजीतलं धनुष्य दोन मीटरहून लांब असतं, पण त्याची मूठ मध्याच्या बरीच खाली असते, म्हणून त्याचं खालचं टोक मानेला अडकत नाही. आपल्याकडे जमिनीवरच्या खेळाचं लांब धनुष्य घेऊन मुलं घोड्यावर चढतात. वळताना खालची फांदी आयाळीत अडकते आणि घोडा दचकतो.

ढोलताशासाठी मुंबईसारखी शाळा नाही. सणांच्या आधी पथकांचे सराव चालू असतात, तिथे घोडा घेऊन जाता येतं. मात्र कान वळेल पण पाय हलणार नाही एवढ्या लांब उभं राहायचं. तिथे तो चरू लागला की थोडं पुढे. आणखी एक युक्ती फार उपयोगी पडते. ढोलवाल्याला वाजवत वाजवत घोड्यापासून दूर चालायला सांगायचं आणि घोडा त्याच्या मागे न्यायचा. भीती वाटणारी वस्तू आपल्यापुढून माघार घेते आहे हे दिसलं की घोड्याचा धीर वाढतो, काही तर स्वतःहून पावलं लांब टाकू लागतात. ढोलाला घोडे लवकर सरावतात असा माझा अनुभव आहे, ताशाला वेळ लागतो. कानात कापूस किंवा कानटोपी वापरायला हरकत नाही, पण ती सरावाच्या जोडीला. गुंगीचं इंजेक्शन देऊन घोडा मिरवणुकीत आणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. गुंगीतला घोडा अडखळतो, आणि त्याच गुंगीतून अचानक दचकून लाथही झाडतो.

लक्ष्याच्या वाटेवर सुरुवातीला फक्त चालायचं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधायचे, शेवट तबेल्याच्या दिशेला कधीच ठेवायचा नाही, नाहीतर घोडा घराच्या ओढीने पळतो. घोडा चौखूर जाऊ लागल्यावरही बहुतेक फेऱ्या चालीनेच काढायच्या. दर वेळी पळवलं की वाटेच्या तोंडाशीच तो नाचायला लागतो. आणि स्वाराचं काय? धनुष्य ओढताना नकळत मांड्या आवळल्या जातात, टाचा पोटाला लागतात. घोड्याला वाटतं, पळ म्हणतोय. बिचाऱ्याला आपण नंतर शिक्षा करतो. माझ्याकडे मुलं आधी पिंपावर खोगीर घालून त्यावरून बाण मारतात, मांड सैल ठेवून, रिकिबीत पाऊल हलकं ठेवून.

हे सगळं शहरात का अवघड होऊन बसलं आहे, याचाही विचार करायला हवा. १८७४ साली कुलाबा ते पायधुणी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची होती. ती जनावरं त्याच रस्त्यावर, त्याच गलबल्यात रोज राबत, म्हणून तिथे सरावलेली होती. शहरातलं पोलिसांचं अश्वदळ १९३२ मध्ये बंद झालं ते वाहनं वाढली म्हणून. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी शिवाजी पार्कवर ते पुन्हा उतरलं तेव्हा पाहायला आलेल्या लहान मुलांनी इतके घोडे एकत्र कधी पाहिलेच नव्हते. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. जनावरांच्या हालांचा विचार करता तो निर्णय योग्य होता असं मी मानतो. पण त्याबरोबर घोड्याशी कसं वागायचं हेही लोक विसरले. माणसं मागून येतात, पुठ्ठ्यावर थाप मारतात, डोळ्यासमोर फ्लॅश उडवतात. मिरवणुकीतल्या घोड्याला रस्ता नवा आणि गर्दीला घोडा नवा.

तेव्हा मंडळाच्या मुलांना माझं सांगणं असं. घोडा आणायचाच असेल तर आधी संध्याकाळी पथकाच्या सरावाला आणून उभा करा, कान आणि ओठ बघा, गूळ देऊन पाहा. त्याचे पैसे वेगळे पडतील, ते द्या. दोन्ही बाजूंना एकेक माणूस दोर धरून राहू दे आणि फोटोसाठीही त्यांनी बाजूला व्हायचं नाही. झाकणं, ऑइल सांडलेली जागा, नवा गुळगुळीत डांबरी पट्टा आधी चालून बघून ठेवा. चैत्रातल्या उन्हात दुपारपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका, पाणी जवळ हवं. मागच्या बाजूला हात पसरून गर्दी लांब ठेवणारा एक जबाबदार माणूस नेमा. स्वाराच्या हातात धनुष्य शोभेला हवं असेल तर त्याची दोरी उतरवून ठेवा, आणि लगाम दुसऱ्या हातातून सुटता कामा नये. सरावाच्या वेळी घोडा गूळ घेईना, तर मावळा पायी चालू दे.

आणि ज्यांना खरोखर घोड्यावरून बाण मारायला शिकायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर यावं, हवा गार असते आणि शहराबाहेर मोकळं मैदान मिळतं. सुरुवातीचे बरेच दिवस धनुष्य हातात मिळणार नाही. खरारा करायचा, खूर उचलून साफ करायचे, घोड्याला लांब दोरीने काव्यावर फिरवायचं आणि त्याचे कान वाचायला शिकायचं.