शोधाचे मोल

एखाद्या शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधाचा आधार दुसरा शास्त्रज्ञ घेतो, तेव्हा तो आपल्या लेखनात त्याचा निर्देश करतो. असे निर्देश मोजून शोधाचा प्रभाव अजमावण्याची रीत आज रूढ आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर हे थोर रेणुजीवशास्त्रज्ञ होऊन गेले. निबंधांची संख्या वाढविण्याची हाव त्यांना नव्हती. स्वतःच्या हातांनी प्रयोग करण्यातच ते रमत. इन्सुलिन या प्रथिनाची रचना उलगडण्यासाठी त्यांनी सुमारे दहा वर्षे वेचली. त्याबद्दल १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील काही वर्षांत मात्र हाती थोडेच लागले. त्या काळात कोणी केवळ निबंध मोजले असते, तर सँगर मागे पडले असेच म्हटले असते! परंतु त्यांनी धीर सोडला नाही. १९७७ साली त्यांनी डीएनएमधील घटकांचा क्रम वाचण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे हजारो निबंधांत तिचा निर्देश झाला. १९८० साली त्यांना दुसऱ्यांदा नोबेल पारितोषिकाचा मान लाभला.

मुलांनो, निर्देश मोजता येतात. त्यांमागील वर्षानुवर्षांची चिकाटी मोजता येत नाही.

स्वाध्याय : केवळ निबंधांच्या संख्येवरून सँगर यांची योग्यता का ठरविता आली नसती?