सर्व्हर विसरत नाही तेव्हा

पुण्यात एका वधू-वर सूचक साइटसाठी मी सहा वर्षं पर्ल लिहिलं. सुरुवातीला सगळं सीजीआयवर चालायचं. कुणी पान मागितलं की पर्लचा इंटरप्रिटर नव्याने जागा व्हायचा, सगळी मॉड्यूलं वाचायचा, पान द्यायचा आणि मरायचा. २००३च्या लग्नसराईत हे झेपेना, म्हणून आम्ही मॉड-पर्लवर गेलो. अपाचेच्या पोटातच पर्ल बसवणारं हे मॉड्यूल गिस्ले आस यांनी १९९६ साली सुरू केलं आणि पुढे डग मॅकइकर्न यांनी वाढवलं. इंटरप्रिटर आता मरत नव्हता. पानं झटपट यायला लागली, आणि आम्ही पूर्वी कधी न पाहिलेल्या चुकाही.

१. 'माय' लावलं म्हणून व्हेरिएबल दर वेळी नवं होत नाही.
साताऱ्याहून एका मुलीचा फोन आला, "माझ्या पानावर दुसऱ्याच कुणाचा तरी मंगळ दिसतोय." मी पान उघडलं तर कुंडली बरोबर. पुन्हा उघडलं तर तिसरीचीच. दोन दिवस आम्ही डेटाबेसला दोष देत बसलो. खरी गोष्ट अशी, की मॉड-पर्लमधली अपाचे-रजिस्ट्री तुमची अख्खी स्क्रिप्ट एका सबरूटीनमध्ये गुंडाळते. स्क्रिप्टच्या वरच्या भागातलं 'माय'वालं व्हेरिएबल खालच्या नाव असलेल्या सबरूटीनने वापरलं, तर ती सबरूटीन पहिल्या विनंतीच्या वेळचं व्हेरिएबल धरून बसते आणि सोडत नाही. अपाचेच्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसने आपापल्या पहिल्या पाहुण्याची कुंडली जपून ठेवली होती. पर्लने याची सूचना एरर लॉगमध्ये दिलीही होती: 'विल नॉट स्टे शेअर्ड'. लॉग फार फुगतो म्हणून वॉर्निंग बंद केल्या होत्या. कुणी, ते विचारू नका. सबरूटीन मॉड्यूलमध्ये हलवल्या, ते व्हेरिएबल आर्ग्युमेंट म्हणून द्यायला लागलो, मंगळ आपापल्या घरी गेले.

२. चाळीस चाइल्ड म्हणजे चाळीस कॅश.
पॅकेजच्या हॅशमध्ये काही ठेवलं की ते पुढच्या विनंतीला मिळतं, पण त्याच चाइल्डला. 'आज आलेली स्थळं' हा आकडा मी असा ठेवला, आणि मालकांना रिफ्रेशगणिक वेगळा आकडा दिसू लागला. न बदलणारी माहिती, म्हणजे जिल्हे, तालुके, राशी, स्टार्टअप फाइलमध्ये फोर्कच्या आधीच भरावी. मग मेमरीची पानं सगळ्या चाइल्डमध्ये सामायिक राहतात. तीही कायमची नाहीत. पर्ल रेफरन्स मोजताना त्या पानांवर लिहितं. एखादा अंक नुसता स्ट्रिंग म्हणून वापरला, तरी त्याचं स्ट्रिंग रूप पर्ल शेजारीच लिहून ठेवतं. वाचतोय असं वाटत असताना लिहिणं चालू असतं, आणि सामायिक पानं एकेक करून वेगळी होत जातात.

३. सगळ्यांना एकच दिसायला हवं असेल, तर ते प्रोसेसच्या बाहेर ठेवा.
आम्ही आधी पर्लच्या स्टोरेबल मॉड्यूलने फाइलवर ठेवलं. एक चाइल्ड लिहीत असताना दुसऱ्याने अर्धी फाइल वाचली आणि कोसळला. तात्पुरत्या नावाने लिहून मग रीनेम करायचं, हे तेव्हा कळलं. तात्पुरती फाइल मी टेंपमध्ये केली होती. टेंप वेगळ्या पार्टिशनवर होतं, आणि पार्टिशन ओलांडून रीनेम होत नाही. म्हणून ती फाइल मूळ फाइलच्या शेजारीच करावी. पुढे मेमकॅश्ड आणलं. तेही पर्लच्याच घरातलं: ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लाइव्हजर्नलसाठी ते आधी पर्लमध्येच लिहिलं होतं. सीमधलं नंतर आलं.

४. पाथ पूर्ण लिहा.
जुनी रजिस्ट्री स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊन उभी राहायची. २००५मध्ये आलेल्या मॉड-पर्ल २ मधली तसं करत नाही, कारण थ्रेड असले तर चालू फोल्डर सगळ्यांचा एकच असतो. आमच्या अर्ध्या डेटा फाइल एका रात्रीत 'सापडत नाही' झाल्या. फाइंडबिनचाही आधार घेऊ नका. तो पाथ एकदाच काढतो आणि नंतर येणाऱ्या सगळ्यांना तोच देतो.

५. 'इंक' दोन आहेत, आणि दोन्ही ओळखीचे हवेत.
एक अ‍ॅरे, कुठे शोधायचं ते सांगणारा. दुसरा हॅश, काय सापडलं ते लक्षात ठेवणारा. रिक्वायर आधी हॅश बघतो. त्यात नाव असेल तर फाइलला हातही लावत नाही. आमच्या मालकांची मंगल कार्यालयाच्या बुकिंगची साइटही त्याच सर्व्हरवर होती, आणि दोन्हीकडे 'सेटिंग' नावाचं मॉड्यूल होतं. चाइल्डवर आधी ज्या साइटची विनंती येईल तिचं सेटिंग चढायचं, दुसरीलाही तेच मिळायचं. एका हॉलचं बुकिंग वराच्या नोंदीत जाऊन बसलं, तेव्हा उलगडा झाला. मॉड्यूलच्या नावाआधी साइटचं नाव लावून आम्ही सुटलो. मॉड-पर्ल २ मध्ये प्रत्येक व्हर्च्युअल होस्टला वेगळा इंटरप्रिटर देता येतो, पण मेमरी मोजून.

६. 'नाही' हेही कॅश करा.
हा धडा मला सगळ्यात उशिरा मिळाला. सापडलेलं मॉड्यूल हॅशमध्ये नोंदलं जातं. न सापडलेलं नोंदलं जात नाही. आमच्या पानात तीन ऐच्छिक मॉड्यूलं होती, इव्हॅलमध्ये रिक्वायर केलेली, आणि तिन्ही त्या सर्व्हरवर नव्हतीच. पाथच्या यादीत अकरा फोल्डर, आणि पर्ल प्रत्येक ठिकाणी आधी पीएमसी, मग पीएम शोधतं. एकूण सहासष्ट व्यर्थ फेऱ्या, दर पानामागे, आणि त्यातले काही फोल्डर एनएफएसवर. सिस्टम कॉल दाखवणारं एसट्रेस लावून बसलो तेव्हा 'फाइल नाही'च्या ओळींनी स्क्रीन भरून वाहिला. स्टार्टअपमध्ये एकदाच तपासून उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं. इतकी स्वस्त दुरुस्ती मी पुन्हा कधी केली नाही.

७. डेटाबेसचं कनेक्शन फोर्कच्या आधी उघडू नका. एकाच सॉकेटवर दोन चाइल्ड बोलू लागले की कुणाचं उत्तर कुणाला जाईल, सांगता येत नाही.

आता नवीन काम पीएसजीआयवर होतं, मॉड-पर्ल क्वचितच दिसतं. तिथेही इंटरप्रिटर जिवंतच राहतो आणि इंकचा हॅश तोच आहे. अशी एखादी जुनी साइट अजून तुमच्या पदरात असेल, तर वॉर्निंग चालू करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि लॉगमध्ये 'विल नॉट स्टे शेअर्ड' एवढंच शोधा. सापडलं तर आज रात्रीच दुरुस्त करा. उद्या कुणाची तरी पत्रिका जुळवायची असेल.