उन्हाच्या लाटेत शरीराचे रक्षण

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तरी माठातील पाणी गार राहते. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व ती उष्णता घेऊन जाते. मनुष्यदेहात हेच कार्य घाम करतो. घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून न निघाल्यास हे कार्य मंदावते व देह तापू लागतो.

म्हणून वखरणी, शेणखत पसरणे इत्यादी कामे शेतकरी बंधूंनी सकाळी अकराच्या आत उरकावीत व दुपारी चारपर्यंत सावलीत राहावे. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी किंवा मीठ घातलेले ताक घेत जावे. सुती, सैल कपडे घालून डोक्यास ओले उपरणे गुंडाळावे. घरात वाऱ्याच्या बाजूस वाळ्याची ओली ताटी लावावी. कोकणातील दमट हवेत मात्र ताटीचा उपयोग अल्प होतो. तेथे वारा खेळता ठेवावा.

अंग अतिशय तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून धोका नाही, असे मानू नये. रोग्यास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत पाणी व वारा चालूच ठेवावा, कारण या रोगात प्रत्येक क्षणाचे मोल आहे. ग्रामसेवकांनी ही माहिती चैत्रातच घरोघरी पोहोचवावी.