गुणवत्ता आणि लोकसंग्रह

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदामाई धुवांधार प्रपातरूपाने कोसळते. यात्रेकरू तो घोष ऐकून थक्क होतो. परंतु ते बळ त्या एका कड्याचे आहे काय? अमरकंटकापासून येऊन मिळालेले असंख्य ओढे, रानांनी धरून ठेवलेले पावसाचे पाणी, हे सर्व त्या घोषात आहे. कड्याने ते केवळ प्रकट केले. मनुष्याच्या गुणवत्तेचेही असेच आहे.

ज्याच्या अंगी गुण अधिक त्याने वर जावे, आणि वर जाऊन मिळविलेले सर्व त्याचे एकट्याचे, असा आजच्या समाजाचा सिद्धांत आहे. यातील पूर्वार्ध न्याय्य आहे. उत्तरार्ध सदोष आहे. इंग्लंडातील समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ साली अशा व्यवस्थेवर उपहासात्मक ग्रंथ लिहिला. तीत वरचा उन्मत्त होतो आणि खालचा स्वतःलाच हीन मानू लागतो, हा त्यातील इशारा होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. या विवेचनाचा मुख्य रोख आत्म्याच्या अकर्तृत्वाकडे आहे. तथापि व्यवहारातही ते तितकेच उपयोगी आहे. परीक्षेत प्रथम आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. निरोगी शरीर, सतेज इंद्रिये, हाती आलेली पुस्तके, सुशिक्षित घरातील जन्म, चांगला गुरू: यांतील किती त्याने स्वतः मिळविले? त्याचे श्रम खरे आहेत; पण ते पाचांतील एक कारण आहे.

कोल्हापूर संस्थानात १८९४ साली सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. इतरांच्या ठायी बुद्धीच नव्हती, असे कोण म्हणेल? विद्येचे द्वार त्यांना बंद होते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, विविध समाजांसाठी वसतिगृहे उभारली, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गुणांचा अनादर करण्यासाठी नव्हे, तर दडलेले गुण प्रकट व्हावेत म्हणून.

कोणी म्हणेल, मग योग्यतेला किंमतच उरली नाही. तसे नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नौका नेण्यास कुशल नावाडीच हवा. मात्र कौशल्यामुळे त्याच्या हाती वल्हे येते. नदी त्याच्या मालकीची होत नाही. वल्हे सर्वांना पैलतीरी नेण्यासाठी आहे. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह तो हाच. जे मिळाले त्यातून इतरांचा भाग न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंतांनी तेथे चोर म्हटले आहे.

गृहस्थाश्रमी वाचकांनी याचे आचरण घरापासूनच आरंभावे. मुलगा यशस्वी झाला तर त्या यशात कोणाकोणाचा वाटा आहे, हे त्याला मोजून दाखवावे. अपयशी झाला तर त्याला नालायक म्हणू नये. घरी भांडी घासणाऱ्या बाईस पूर्ण वेतन द्यावे आणि तिच्या मुलास आपल्या मुलाशेजारी दिव्याखाली बसवून शिकवावे. एवढे नित्य घडले, तर गुणांचा गर्व न राहता त्यांचा यज्ञ होईल.