पत्र घेतलं, मग गेलं कुठे?

लिनक्सवर स्वतःचा मेल-सर्व्हर बसवायला निघालेल्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, की फिल्टर सगळ्यात शेवटी लावा. आधी पत्रं येऊ द्या, कचऱ्यासकट येऊ द्या. कचरा डोळ्यांना दिसतो, हाताने काढता येतो. पण फिल्टरने एखादं पत्र परस्पर गिळलं, तर ते आलं होतं हेच कुणाला कळत नाही. न मिळालेल्या पत्राची तक्रार करणार कोण?

एका दिवाळी अंकाच्या कचेरीतला सर्व्हर माझ्याकडे देखभालीला आला, तेव्हा त्याला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. डेबियन लिनक्स, त्यावर पत्रं घेणारा पोस्टफिक्स, त्यामागे ती नियमांनुसार गाळून वाटणारं प्रोकमेल. चालू होतं म्हणून चालू होतं. जुलै-ऑगस्ट म्हणजे अंकवाल्यांची लगीनघाई. लेख, चित्रं, जाहिरातींचे मजकूर, सगळं मेलवरून येतं. त्यातच अंकाच्या एका जुन्या लेखकाचा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा, संपादकांना फोन आला. "अहो, लेख केव्हाच पाठवलाय. नसेल घ्यायचा तर नका घेऊ, पण पोच तरी द्याल की नाही?" संपादकांच्या इनबॉक्समध्ये लेख नव्हता, स्पॅममध्येही नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा पाठवला, तोही गडप. गंमत म्हणजे मधल्या काळात त्यांनीच मराठीत लिहिलेलं एक खुशालीचं पत्र मात्र व्यवस्थित पोचलं होतं. संपादक म्हणाले, "डॉक्टर, तुमचं इंग्रजी आमच्या सर्व्हरला झेपत नाही बहुतेक." विनोद होता, पण पुढे तो जवळजवळ शब्दशः खरा निघाला.

मी पोस्टफिक्सचा लॉग उघडला. डॉक्टरांचं प्रत्येक पत्र त्यात होतं आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: 'सेंट', प्रोकमेलच्या हवाली. म्हणजे पोस्टफिक्सच्या हिशेबी काम फत्ते. डॉक्टरांच्या बाजूलाही पत्र 'सेंट'मध्ये, परत काही आलेलं नाही. दोन्ही टोकांना सगळं आलबेल आणि मधे लेख नाहीसा. प्रोकमेलने पुढे काय केलं ते बघावं, तर त्याच्या लॉगची ओळच कुणी लिहिलेली नव्हती. लिहिली नाही तर प्रोकमेल आपल्या कामाची नोंद कुठेही ठेवत नाही.

मग प्रोकमेलची नियमांची फाइल वाचायला घेतली. जुन्या कचेरीतली असते तशीच लांबलचक होती. कुठून कुठून उचललेले नियम एकाखाली एक. त्यात तीन ओळींचा एक तुकडा होता. पहिली ओळ: पत्राच्या मजकुरात शोध. दुसरी: सियालिस, म्हणजे त्या काळी प्रत्येक स्पॅममध्ये असायचं त्या गोळीचं नाव. तिसरी: सापडलं तर डेव्ह-नलमध्ये टाक. डेव्ह-नल म्हणजे लिनक्सची बिनबुडाची विहीर, आत गेलेलं परत येत नाही. आता 'स्पेशलिस्ट' या शब्दाची इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहा आणि मधली सहा अक्षरं बघा. प्रोकमेल लहान-मोठ्या लिपीचा फरक मानत नाही, आणि शब्द सुटा आहे की दुसऱ्या शब्दाच्या पोटात, हे तर त्याला सांगितल्याशिवाय कळतच नाही. डॉक्टरांच्या प्रत्येक पत्राखाली सही होती: नाव, पदवी आणि ईएनटी स्पेशलिस्ट.

पण मग मराठी पत्र कसं पोचलं? सही तर त्याखालीही होती. इथे थोडं आत शिरावं लागतं. मेलची व्यवस्था साध्या इंग्रजी अक्षरांच्या काळात घडली. देवनागरी मजकूर पाठवायचा तर पाठवणारा प्रोग्रॅम तो बहुतेक वेळा बेस-६४ नावाच्या पद्धतीने बांधून पाठवतो, आणि त्या बोचक्यात मजकुराबरोबर खालची इंग्रजी सहीसुद्धा बांधली जाते. प्रोकमेल बोचकं सोडत नाही, वरच्या वरच चाचपतं. त्यामुळे मराठी पत्रात त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसली आणि पत्र सुटलं. लेखाबरोबरचं पत्र मात्र दोन ओळींचं आणि इंग्रजीत असायचं, 'लेख सोबत जोडला आहे' एवढंच. ते उघडं आलं आणि पकडलं गेलं.

याची दुसरी बाजू मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या कुणीही ध्यानात ठेवावी. विषयाच्या ओळीतला मराठी शब्दसुद्धा असाच बांधून येतो. 'लॉटरी' किंवा 'कर्ज' असा शब्द देवनागरीत लिहून प्रोकमेलचा नियम केला, तर तो काहीही पकडणार नाही. तुम्हाला वाटेल फिल्टर लागलाय, आणि तो नुसता बसून राहील.

प्रोकमेलला मी नावं ठेवणार नाही. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी नव्वदच्या दशकाच्या तोंडावर ते लिहिलं आणि एक अख्खी पिढी त्यावर पोसली. पण २००१ साली आलेल्या ३.२२ आवृत्तीनंतर ते वीस-एक वर्षं जवळपास जागच्या जागी राहिलं. २०१४ मध्ये तर त्याची देखभाल केलेल्या फिलिप गेंथर यांनीच ओपनबीएसडीच्या संचातून ते काढून टाका असं सुचवलं. २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली खरी. तरीही आज नव्याने बसवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. पत्रं मेलबॉक्समध्ये ठेवायला डव्हकॉट घ्यावं आणि नियम सीव्हमध्ये लिहावेत.

सीव्ह ही फक्त मेल-फिल्टरसाठीच केलेली छोटी भाषा. तिचं पहिलं मानक २००१ चं, सुधारित २००८ चं. तिच्यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, विषयाची ओळ ती बोचकं सोडून वाचते, म्हणजे देवनागरी शब्द खरोखर जुळतो. दुसरी, तिचा मूळ स्वभाव पत्र ठेवण्याचा आहे. कुठलाच नियम लागू झाला नाही, तर पत्र इनबॉक्समध्ये. नियम चालता चालता मधेच मोडला, तरी पत्र इनबॉक्समध्ये. फेकून द्यायची आज्ञा तिच्यातही आहे, पण ती मुद्दाम लिहावी लागते, आणि मी कुणालाही ती लिहू देत नाही. नवा नियम करताना एखादं जुनं पत्र फाइलमध्ये घेऊन सीव्ह-टेस्टवर चालवून बघावं. पत्र कुठे गेलं असतं हे ते सांगतं, प्रत्यक्षात हलवत काही नाही. कचेरीतल्या नियमांचं भाषांतर मी असंच केलं. प्रत्येक नियम स्पेशलिस्टच्या सहीवर, मराठी पत्रावर आणि खऱ्याखुऱ्या स्पॅमवर चालवून पाहिला. निम्म्याहून जास्त नियम काढूनच टाकले. ज्या स्पॅमसाठी ते लिहिले होते, तशी पत्रं येणं केव्हाच थांबलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे: २५०. बाहेरचा सर्व्हर पत्र घेऊन आपल्या दारात येतो, आपला पोस्टफिक्स ते घेतो आणि शेवटी '२५०' म्हणतो. रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीवर सही करावी तसं ते असतं. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी आपली; समोरचा स्वतःची प्रत पुसून मोकळा होतो. म्हणून नको असलेल्या पत्राचं जे काय करायचं ते सहीच्या आधी करा. दारातच पाच-शेच्या घरातला आकडा सांगून नकार दिला, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला कळवतो. खरा माणूस असेल तर तो फोन करतो. चार-शेच्या घरातला आकडा म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या'. समोरचा पुन्हा येतो. एकदा २५० म्हटलं की पत्र इनबॉक्समध्ये किंवा स्पॅमच्या फोल्डरमध्ये, तिसरी जागा नाही. घेऊन मग परत पाठवणंही नको. स्पॅमवरचा 'प्रेषक' बहुधा खोटा असतो, त्यामुळे तुमचं परतीचं पत्र भलत्याच निरपराध माणसाच्या माथी जातं.

बसवाबसवी चालू असेपर्यंत पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट-बाउन्स चालू ठेवावं. कुठे चुकीचं लिहिलं गेलं, तर कायमच्या नकाराऐवजी तात्पुरता नकार जातो आणि पत्र कुठल्या तरी रांगेत जिवंत राहतं. पोस्टफिक्स स्वतः रांगेतलं पत्र पाच दिवस धरून ठेवतो, बाहेरचे बरेच सर्व्हरही साधारण तेवढाच धीर धरतात. म्हणजे शनिवारी रात्री काही बिघडलं, तर सोमवारी सकाळी सुधारायला वाव असतो. काम संपल्यावर सॉफ्ट-बाउन्स आठवणीने बंद करा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर पत्र पाठवणाऱ्याला आपला पत्ता चुकलाय हे पाच दिवस कळणार नाही.

अंकाच्या कचेरीत दुसरं दुखणं होतं आकारमानाचं. पोस्टफिक्स एका पत्राला १,०२,४०,००० बाइटची मर्यादा घालून येतो. दहा एमबी वाटतात, पण जोडलेली फाइलही बेस-६४ मध्ये बांधली जाते आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्तच फुगते. त्यामुळे साडेसात एमबीच्या वर मुखपृष्ठाचं चित्र गेलं की नकार. चित्रकाराला निदान तो कळायचा, म्हणून ही तक्रार लवकर आली. त्यावर कुणीतरी ही मर्यादा उदारपणे वाढवतो आणि नव्या खड्ड्यात पडतो, कारण मेलबॉक्सच्या फाइलची वेगळी मर्यादा असते, ५,१२,००,००० बाइट. पत्राची मर्यादा तिच्या वर गेली, तर पोस्टफिक्सचं स्थानिक वाटप चालायलाच नकार देतं आणि सगळी टपाल रांगेत तुंबते. शिवाय सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये ठेवायची जुनी पद्धत असेल, तर पन्नासेक एमबी भरले की नवीन पत्र परत जातं. मेलडिर घ्या. त्यात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते, आधी एका फोल्डरमध्ये पूर्ण लिहून मग दुसऱ्यात सरकवली जाते. वीज गेली तरी अर्धवट पत्र इनबॉक्समध्ये दिसत नाही.

आता स्पॅमअसॅसिनबद्दल. ते प्रत्येक पत्राला गुण देतं आणि पाच गुण झाले की स्पॅमचा शिक्का मारतं. पाचची रेघ एकट्या माणसासाठी ठीक. अनेकांची डाक सांभाळणाऱ्याने ती आठ-दहापर्यंत न्यावी, असं त्याचं स्वतःचं माहितीपत्रकच सांगतं. कुणाकुणाकडून उचललेल्या सेटिंग्जमध्ये 'मान्य भाषा: इंग्रजी' अशी ओळ असते, ती आधी शोधा. ती असली आणि भाषा ओळखणारा भाग चालू असला, तर तुमच्या मराठी पत्रांना परकी भाषा म्हणून आयते गुण चिकटतात. त्याची शिकण्याची सोय चांगली आहे, पण दोनशे चांगली आणि दोनशे वाईट पत्रं दाखवल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. चांगली पत्रं दाखवताना मराठी पत्रं भरपूर दाखवा. नुसती इंग्रजी दाखवली, तर तिला मराठीची ओळखच होणार नाही.

स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या काळ्या याद्या वापरणार असाल तर आणखी एक गोम. या याद्या डीएनएसमधून विचारल्या जातात. तुमचा सर्व्हर गूगलसारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारत असेल, तर काही याद्या उत्तराऐवजी 'इथून विचारू नका' असा वेगळा कोड पाठवतात. पोस्टफिक्सला कुठले कोड खरे मानायचे हे सांगितलेलं नसेल, तर तो कुठल्याही उत्तराचा अर्थ 'हा यादीत आहे' असाच घेतो आणि जगातल्या प्रत्येकाला दारातून हाकलतो. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर ठेवा आणि मान्य कोड नीट लिहा.

रजेवर असल्याचं आपोआप उत्तर द्यायची हौस सगळ्यांना असते. त्यासाठी स्वतः स्क्रिप्ट लिहू नका. तुमच्या उत्तराला समोरचं यंत्र उत्तर देतं, त्याला तुमचं, आणि सकाळपर्यंत डिस्क भरते. सीव्हमध्ये याची तयार आज्ञा आहे. ती एकाच माणसाला काही दिवसांतून एकदाच उत्तर देते आणि आपोआप आलेल्या पत्राला मुळीच देत नाही.

राहिला लॉगचा प्रश्न. डेबियन मेलचा लॉग आठवड्याला बदलतं आणि चार जुने ठेवतं, म्हणजे साधारण महिनाभराचा हिशेब. लेखक इतक्या लवकर फोन करत नाहीत. 'अजून वाचला नसेल' म्हणत सहा-सहा आठवडे गप्प बसतात, आणि बोलतात तेव्हा पुरावा पुसलेला असतो. डॉक्टर तडक बोलले म्हणून निभावलं. लॉगची ही अदलाबदल करणाऱ्या लॉगरोटेटच्या फाइलमध्ये त्या चारच्या जागी सव्वीस लिहा. दाबून ठेवलेला लॉग फारशी जागा खात नाही. पोस्टमास्टर या नावाचा पत्ता चालू ठेवा, मानकाप्रमाणे तो असावाच लागतो, आणि त्यावर येणारी पत्रं एखाद्या जित्याजागत्या माणसाकडे वळवा. त्या कचेरीत ती मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंकडे जातात. स्पॅमचा फोल्डरही दर शुक्रवारी त्याच चाळतात, आणि सीव्हची एक ओळही येत नसताना माझ्यापेक्षा जास्त चुका त्यांनीच पकडल्या आहेत.